'जितकं हलकं तितकं चांगलं' म्हणे: खिशातल्या रिव्हॉल्व्हरबद्दलच्या एका सल्ल्याचा प्रतिवाद

अमेरिकेतल्या मराठी मंडळींमध्ये सध्या एक सल्ला इकडून तिकडे फिरतोय. त्यातला मजकूर थोडक्यात असा: स्वसंरक्षणासाठी रोज जवळ बाळगायचं तर छोटं रिव्हॉल्व्हर घ्या, आणि त्यातलं सगळ्यात हलकं घ्या. घ्यायचंच तर .३५७ मॅग्नम घ्या, त्यात .३८ पण चालतं (ही काडतुसांची मापं). रिव्हॉल्व्हर कधी अडकत नाही. वापरायला सोपं, म्हणून बायकांना आणि नवशिक्यांना हेच बरं. पाच गोळ्या पुरतात. सेफ्टीची भानगड नाही, पर्समध्ये टाकलं की झालं. अमेरिकेत हे कुणीही घेऊ शकतं. आणि शेवटी पुरवणी: भारत सरकारनेसुद्धा महिलांसाठी असंच रिव्हॉल्व्हर काढलंय.

हत्यार बाळगावं की बाळगू नये, या वादात मी शिरत नाही. तो ज्याने त्याने आपल्या घरात बसून सोडवावा. मी टेक्सासमध्ये राहतो, रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, नवख्या लोकांसोबत बराच वेळ काढतो आणि छोटी रिव्हॉल्व्हरं मला मनापासून आवडतात. तरी हा सल्ला वाचून गप्प बसवेना. त्यातलं सगळंच काही खोटं नाही, बहुतेक ठिकाणी अर्धंच सांगितलंय, आणि राहिलेलं अर्धं कळेपर्यंत दुकानदाराचं बिल होऊन गेलेलं असतं.

'जितकं हलकं तितकं चांगलं'

स्मिथ अँड वेसन या अमेरिकी शस्त्रकंपनीने १९५० साली कोलोरॅडो स्प्रिंग्जला भरलेल्या पोलीस प्रमुखांच्या परिषदेत पाच गोळ्यांचं एक छोटं पोलादी रिव्हॉल्व्हर मांडलं. म्हणून त्याचं नाव 'चीफ्स स्पेशल'. पुढे कंपनीने नंबर द्यायला सुरुवात केली तेव्हा ते मॉडेल ३६ झालं. वजन साधारण ५५० ग्रॅम. मग ॲल्युमिनियमच्या सांगाड्याची 'एअरवेट' मॉडेलं आली. आज कुठल्याही दुकानात हमखास दिसणारी ४४२ आणि ६४२ ही त्याच घराण्यातली, रिकामी असताना ४१० ग्रॅमच्या आसपास. २००९ मध्ये रुगर या दुसऱ्या कंपनीने एलसीआर काढलं, त्यात सांगाड्याचा काही भाग पॉलिमरचा, वजन ३८५ ग्रॅमच्या आतबाहेर. आणि ज्याच्यावर हा सल्ला लिहिणाऱ्याचा जीव जडलेला दिसतो ते स्मिथ अँड वेसनचं ३४० पीडी: स्कँडियम मिसळलेल्या ॲल्युमिनियमचा सांगाडा, टायटॅनियमचं सिलिंडर (काडतुसं भरायचं फिरतं नळकांडं), वजन जेमतेम ३३० ग्रॅम, किंमत ६४२ च्या साधारण दुप्पट.

काउंटरवर रिकामं रिव्हॉल्व्हर हातात घेतलं की ३३० ग्रॅमवालं कुणालाही आवडणार. पण काउंटरवर कुणी गोळी झाडत नाही. गोळी आणि बारुदीचा वायू जेवढा संवेग घेऊन पुढे जातात, तेवढाच उलट्या दिशेने रिव्हॉल्व्हरला मिळतो. इथे शाळेतलं गणित पुरतं: काडतूस तेच ठेवून हत्याराचं वजन निम्मं केलं, तर धक्क्याची ऊर्जा दुप्पट होते. पोलादी मॉडेल ३६ मधून साधं .३८ आणि ३४० पीडीमधून पूर्ण ताकदीचं .३५७ असा हिशोब मांडून बघा, धक्का चार-पाच पट निघतो. तो सगळा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या मऊ कातडीवर येतो.

हलकेपणाचा हा हट्ट नवा नाही. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी हवाई दलाने विमानातल्या लोकांसाठी कोल्ट आणि स्मिथ अँड वेसनकडून अशी रिव्हॉल्व्हरं बनवून घेतली, ज्यांचं सिलिंडरसुद्धा ॲल्युमिनियमचं होतं. नेहमीच्या काडतुसांचा दाब त्या सिलिंडरांना झेपेना. त्यांच्यासाठी मुद्दाम कमी दाबाचं काडतूस काढावं लागलं, आणि अखेर ती सगळी परत घेऊन बहुतेक मोडीत काढली. आता धातू सुधारले, सिलिंडर पोलादाचं किंवा टायटॅनियमचं असतं, त्यामुळे हत्यार टिकतं. न टिकणारा भाग उरला तो धरणाऱ्याचा हात.

मग किती वजनाचं घ्यावं? ते कुठे ठेवणार यावर आहे, आणि सल्ल्यात नेमकं हेच विचारलेलं नाही. पट्ट्यावर होल्स्टरमध्ये, म्हणजे हत्याराच्या म्यानात, लावणार असाल तर दोनशे ग्रॅम इकडे तिकडे झाल्याने काही बिघडत नाही. तिथे स्मिथ अँड वेसनचं पूर्ण पोलादी ६४० किंवा रुगरचं एसपी१०१ घ्यावं, हाताला सुख. पँटच्या पुढच्या खिशात ठेवणार असाल तर मात्र दोनशे ग्रॅम जाणवतात, खिसा लोंबतो, आणि तिथे ४०० ग्रॅमच्या आसपासचं एअरवेट किंवा एलसीआर हा समजूतदार मध्य आहे. त्याच्या खाली गेलात की खिशाचे सत्तर-ऐंशी ग्रॅम वाचतात आणि सराव बंद पडतो. सत्तर-ऐंशी ग्रॅम म्हणजे किती, तर .३८ च्या पाच भरलेल्या काडतुसांचं वजन तेवढं असतं. (बायकांच्या कपड्यांना धड खिसेच नसतात, त्यावर निराळा प्रतिवाद लिहावा लागेल.)

'.३५७ घ्या, त्यात .३८ पण चालतं'

चालतं, हे खरं. .३५७ मॅग्नम १९३५ मध्ये आलं ते .३८ स्पेशलचंच काडतूस थोडं लांबवून. दोन्हींच्या गोळीचा व्यास सारखाच. म्हणून .३५७ च्या सिलिंडरमध्ये .३८ बसतं. उलटं चालत नाही, आणि ते बरंच आहे.

पण पाच सेंटिमीटरही लांबी नसलेल्या नळीत .३५७ ची बरीचशी बारूद नळीच्या तोंडापाशी जळते. हाती काय येतं? मोठा जाळ, कानठळ्या आणि मघाशी सांगितलेला धक्का. वेग वाढतो, पण लांब नळीत वाढतो तेवढा नाही. ३४० पीडी घेऊन .३५७ झाडणारे लोक मी पाहिलेत. पहिल्या पाच गोळ्यांनंतर दुसऱ्या पाच भरायची इच्छा असलेले फारसे पाहिले नाहीत. मग ते त्यात .३८ घालतात. म्हणजे दुप्पट पैसे देऊन .३८ चं रिव्हॉल्व्हर घेतलं, तेही धक्का देणारं.

शिवाय त्या ३४० पीडीच्या नळीवर कंपनीने स्वतःच कोरून ठेवलंय की १२० ग्रेनपेक्षा (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) हलकी गोळी वापरू नका. हलक्या गोळीच्या काडतुसात बारूद जास्त आणि जाळ जास्त, त्याने टायटॅनियम झिजतं. सल्ला पुढे ढकलणाऱ्यांपैकी किती जणांनी ती ओळ वाचली असेल?

'रिव्हॉल्व्हर कधी अडकत नाही'

हे वाक्य अमेरिकेतल्या बंदूकवाल्यांच्या तीन पिढ्यांनी घोकलंय. खरं काय, तर रिव्हॉल्व्हर अडकतं कमी, पण अडकलं की जागच्या जागी सुटत नाही. पिस्तुलात एखादं काडतूस फसलं तर स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढून ते बाहेर फेकता येतं, शिकलेल्या माणसाला दोन सेकंद लागतात. रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर फिरेनासं झालं की बहुतेक वेळा टेबल आणि पेचकस लागतो.

आणि हलक्या रिव्हॉल्व्हरचा यात खास वाटा आहे. हत्यार झटक्याने मागे येतं तेव्हा सिलिंडरमधली उरलेली काडतुसं त्याच्यासोबत मागे ओढली जातात, पण आतली जड गोळी जागच्या जागी राहू पाहते. काडतुसाच्या पितळी टोपणाची (गोळी आणि बारूद धरणाऱ्या नळीची) पकड सैल असेल तर गोळी धक्क्यागणिक केसभर पुढे सरकत राहते. तिचं नाक सिलिंडरच्या बाहेर आलं की ते सांगाड्यावर अडतं आणि सिलिंडर ठप्प. पोलादी रिव्हॉल्व्हरमध्ये हे क्वचित होतं. ३३० ग्रॅमच्या हत्यारात, त्यातही साध्या शिशाच्या गोळ्यांसोबत, कंपन्याच सावध करतात. तपासायची रीत सोपी आहे: जे काडतूस रोज जवळ ठेवणार तेच भरा, चार झाडा, पाचवं न झाडता बाहेर काढून नव्या काडतुसाशेजारी उभं करा. लांबी वाढलेली दिसली तर तो डबा रोजच्या कामाचा नाही.

दुसरी गोष्ट टोपणं बाहेर काढण्याची. छोट्या नळीखाली दांडा ठेवायला जागा कमी, म्हणून टोपणं ढकलणारा दांडाही आखूड, रिकाम्या टोपणाच्या लांबीपेक्षा आखूड. हळू दाबलंत तर टोपणं अर्धी बाहेर येऊन तिथेच बसतात. एखादं मागे घसरतं आणि त्याची कड चांदणीसारख्या ढकलपट्टीखाली जाते. मग सिलिंडर धड बंदही होत नाही. उपाय असा: नळीचं तोंड आभाळाकडे करायचं आणि तळव्याने दांड्यावर एकदाच सणसणीत थाप मारायची. नवशिक्याचा अंगठा मात्र दांड्यावर अलगद पडतो, आणि न जळलेल्या बारुदीचे कण त्या पट्टीखाली जाऊन बसतात. पुढच्या वेळी सिलिंडर जड फिरलं तर दात घासायच्या जुन्या ब्रशने तिथे आधी साफ करा.

'वापरायला सोपं, म्हणून बायकांना आणि नवशिक्यांना'

या एका मुद्द्यावर माझं डोकं फिरतं. समजायला सोपं, हे कबूल: सिलिंडर उघडलं की भरलंय की रिकामं ते दिसतं, खटके कमी, स्लाइड ओढायची नाही. पण समजायला सोपं आणि नेम लावायला सोपं, यात फार अंतर आहे.

हॅमर (काडतुसावर आघात करणारा मागचा खटका) झाकलेल्या छोट्या रिव्हॉल्व्हरचा चाप प्रत्येक गोळीला पूर्ण लांबीने ओढावा लागतो, आणि त्याला साधारण पाच किलोंहून जास्त जोर लागतो. हत्याराचं स्वतःचं वजन ४०० ग्रॅम. पाच किलोची तांदळाची पिशवी एका बोटाने उचलताना मनगट अजिबात हलू द्यायचं नाही, असं ते काम आहे. वर नळी आखूड, म्हणून मागची खाच आणि पुढचा उंचवटा यांच्यात अंतर कमी, आणि तिथे मिलिमीटरभर चूक झाली तर सात मीटरवर गोळी चार बोटं बाजूला जाते.

रेंजवर नेहमी दिसणारं दृश्य सांगतो. नवऱ्याने हौसेने बायकोसाठी सगळ्यात हलकं घेतलेलं असतं. पहिली गोळी जाते ती कागदावर कुठेतरी लागते, कारण काय होणार हे तिला माहीत नसतं. दुसरीपासून हाताला माहीत असतं. इथे आम्ही एक युक्ती करतो: तिला न दाखवता पाचांत एक-दोन नकली काडतुसं भरतो. चाप ओढते, टक् असा आवाज येतो, गोळी नाही, आणि तरीही नळी चार बोटं खाली झुकलेली! डोळे मिटलेले असतात ते वेगळंच. यात तिचा काही दोष नाही. त्या वजनाच्या हत्याराने कुणाचाही हात हेच करायला शिकतो. नवऱ्याच्या हातात देऊन बघा, त्याचीही नळी झुकते, फक्त तो 'गोळी खराब आहे' म्हणतो.

बोटांत जोर कमी असेल, संधिवात असेल, तर 'स्लाइड ओढवत नाही म्हणून रिव्हॉल्व्हर' हा सल्ला आणखी फसवा. स्लाइड एकदाच ओढायची असते आणि ती दोन्ही हातांनी, अंगाचा जोर लावून ओढता येते. चाप दर गोळीला आणि एकाच बोटाने. स्मिथ अँड वेसनने २०१८ मध्ये शील्ड ईझी नावाचं .३८० चं पिस्तूल मुद्दाम सैल स्लाइडचं काढलं. अशा हातांसाठी मी आधी ते दाखवतो.

आणि रिव्हॉल्व्हरच हवं असेल तर? मग काडतूस लहान करा. एलसीआर .२२ मध्ये मिळतं, आठ गोळ्या, धक्का नावापुरता; .२२ च्या कडेला ठिणगी लागण्याच्या पद्धतीमुळे एखादी गोळी फुसकी निघते, पण पुन्हा चाप ओढला की पुढची समोर येते. त्याहून मला आवडलेला मार्ग म्हणजे .३२. २०२४ च्या सुरुवातीला स्मिथ अँड वेसनने ४३२ आणि ६३२ या नावांनी त्याच सांगाड्यावर .३२ एच अँड आर मॅग्नमची सहा गोळ्यांची रिव्हॉल्व्हरं आणली. त्यात जुनं .३२ लाँगही चालतं, आणि ते झाडताना तोंडावर हसू येतं. नवख्या माणसाला तेवढं पुरे, कारण हसू आलं की तो पुढच्या आठवड्यात परत येतो.

.३८ वरच राहायचं तर १४८ ग्रेनची सपाट तोंडाची, निशाणेबाजीची गोळी असते. दिसायला बुटकी, बारूद थोडी. दुकानदार तिची शिफारस करत नाही, कारण डब्यावर वाघाचं चित्र नसतं. आखूड नळीच्या हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये ती अनेक जुनेजाणते आजही भरतात.

'पाच गोळ्या पुरतात'

बहुतेकांना एकही कधी लागणार नाही, त्यामुळे या मुद्द्यावर रक्त आटवण्यात अर्थ नाही. एवढंच नोंदवतो की २०१८ मध्ये आलेलं सिग कंपनीचं पी३६५ पिस्तूल जवळजवळ तेवढ्याच जागेत दहा गोळ्या ठेवतं आणि वजन ५०० ग्रॅमच्या आसपास आहे. म्हणजे 'लहान हवं म्हणून पाच' हा नाइलाज आता उरलेला नाही. रिव्हॉल्व्हर निवडायची कारणं दुसरी असतात: खिशातून काढताना हॅमर अडकत नाही, कोटाच्या आतूनही चालतं, अंगाला चिकटून धरलं तरी स्लाइडसारखं मागे काही सरकायचं नसतं. ती कारणं तुमची असतील तर जरूर घ्या.

'सेफ्टी नाही, पर्समध्ये टाका'

पाच किलोंचा चाप हीच सेफ्टी, असं सांगतात. आधुनिक रिव्हॉल्व्हर खाली पडून सहसा सुटत नाही, तेवढी यंत्रणा आत असते. पण पर्समध्ये किल्ल्या, पेन, लिपस्टिक, चार्जरची वायर, आणि त्यांतलं काहीही चापाच्या कडीत जाऊ शकतं. चाप पूर्ण झाकणारं होल्स्टर आणि त्या कप्प्यात दुसरं काही म्हणजे काही नाही, हा नियम खिशालाही आणि पर्सलाही. खिशात असेल तर त्याच खिशात सुट्टे पैसे टाकायचे नाहीत.

पर्सचं खरं भय वेगळं आहे. पर्स आपण खाली ठेवतो. खुर्चीवर, दुकानातल्या गाडीत, मैत्रिणीच्या सोफ्यावर. २०१४ च्या डिसेंबरात आयडाहो राज्यातल्या हेडन गावी वॉलमार्टमध्ये दोन वर्षांच्या मुलाने खरेदीच्या गाडीतल्या आईच्या पर्समधून पिस्तूल काढलं आणि आई जागेवर गेली. ती पर्स मुद्दाम हत्यार ठेवण्यासाठी शिवलेली होती, चेनच्या वेगळ्या कप्प्याची. ते पिस्तूल होतं, रिव्हॉल्व्हरचा चाप त्या बोटांना जड गेला असता, असं कुणी म्हणेल. लहान मुलं दोन्ही हातांचे अंगठे लावतात. हत्यार अंगावर असावं, नाहीतर कुलपात.

'अमेरिकेत कुणीही घेऊ शकतं'

आपल्या लोकांसाठी सगळ्यात घातक ओळ हीच. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर इथे आलेल्या माणसाला संघराज्याच्या कायद्याने बंदूकच काय, काडतूस बाळगायलाही मनाई आहे. १९९८ पासून हा नियम आहे. शिकारीचा वैध परवाना असणं यासारखे मोजके अपवाद आहेत, पण ते नीट समजून न घेता रेंजवर भाड्याने हत्यार हातात घेणं हेसुद्धा 'बाळगणं' ठरू शकतं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा १५ वर्षांपर्यंत, आणि व्हिसाचं जे व्हायचं ते होतंच. ग्रीनकार्डवाल्यांना ही आडकाठी नाही. नवरा नागरिक आणि बायको एच-१बीवर असेल, तर घरात कुलूप कुणाच्या ताब्यात हा प्रश्नसुद्धा वकिलाला विचारण्यासारखा आहे.

पुढे राज्याराज्याचा कायदा. सर्वोच्च न्यायालयाच्या जून २०२२ च्या ब्रुएन निकालानंतर न्यू यॉर्क, न्यू जर्सीलाही परवान्यासाठीची 'खास कारण दाखवा' ही अट सोडावी लागली. पण न्यू जर्सीत खरेदीची परवानगी वेगळी, जवळ बाळगण्याचा परवाना वेगळा, आणि पोकळ टोकाची गोळी घराबाहेर जवळ बाळगण्यावर तिथे कडक बंधन. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या माणसाने टेक्सासातल्या ह्यूस्टनच्या मित्राचा सल्ला जसाच्या तसा पाळला तर तो गोळीच्या नाकापायी अडकेल.

टेक्सासात १ सप्टेंबर २०२१ पासून परवान्याशिवायही जवळ ठेवता येतं, म्हणून इथले लोक जरा जास्तच मोकळे झालेत. आपली मंडळं गणपती बसवतात कुठे? बहुतेक ठिकाणी शाळेचं सभागृह भाड्याने घेऊन. शाळेच्या इमारतीत हत्यार नेणं इथे गुन्हा आहे. शिवाय शाळेच्या हजार फुटांच्या आतला संघराज्याचा कायदा वेगळाच: त्यात सूट आहे ती राज्याने परवाना दिलेल्यांना. 'आमच्याकडे परवाना लागतच नाही' म्हणून ज्यांनी तो काढलाच नाही, त्यांना ती सूट नाही. म्हणून सक्ती नसली तरी मी परवाना काढायला सांगतो.

'भारत सरकारनेसुद्धा काढलंय'

काढलंय. कानपूरच्या सरकारी कारखान्याने जानेवारी २०१४ मध्ये 'निर्भीक' आणलं: .३२, सहा गोळ्या, साधारण ५०० ग्रॅम, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात, आणि दागिन्यांसारख्या डबीत. बघा, ५०० ग्रॅम आणि .३२! सल्ल्यात सांगितलेलं ३३० ग्रॅम आणि .३५७ यांच्याशी त्याचं काहीच नातं नाही. आणि ते काउंटरवर मिळत नाही. शस्त्र कायदा, १९५९ खाली परवाना लागतो, मुंबई-पुण्यात तो पोलीस आयुक्तांकडून, जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडून, आणि जिवाला धोका असल्याचं पटवावं लागतं.

त्याच कायद्यामुळे जाता जाता एक काम सांगतो. रेंजला नेलेली पाठपिशवी सुट्टीत भारतात नेऊ नका. न्यायची वेळ आलीच तर सगळे कप्पे उलटे करून झटका, अस्तराच्या शिवणीत बोट घाला. तिथे राहून गेलेलं एकुलतं एक काडतूस मुंबई किंवा दिल्लीच्या विमानतळावर क्ष-किरणात दिसतं, आणि ते नकळत राहिलं होतं हे पटवून देण्यात तुमची अख्खी सुट्टी जाते.